झेरॉक्स की गट नंबर? दुकानाच्या शीटमधला ‘व्हॅल्यू’ आणि ‘रेफरन्स’चा फरक

व्हिडिओमध्ये आपण एक्सेलवर बिल कसं बनवायचं ते बघितलं. आज त्याच शीटमधली एक गोष्ट नीट समजून घेऊ. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना हा धडा सुरुवातीलाच लागतो आणि दुकानदाराला जीएसटी रिटर्न भरताना लागतो. कॉपी दोन प्रकारची असते: व्हॅल्यूने आणि रेफरन्सने.

आधी सातबारा आठवा

सातबाऱ्याची झेरॉक्स काढून फाईलला लावली. पुढे त्या जमिनीवर सोसायटीचा बोजा चढला, तरी तुमच्या झेरॉक्सवर काही बदलत नाही. त्या दिवशी जे होतं तेच राहतं. ही झाली व्हॅल्यूने कॉपी.

आता उताऱ्याऐवजी नुसता गट नंबर लिहून ठेवला. जेव्हा बघाल तेव्हा त्या नंबरवरून आजचा उतारा निघणार. हा झाला रेफरन्स. तुमच्याकडे माहिती नाही, माहिती कुठे आहे तो पत्ता आहे.

यातलं एक चांगलं, एक वाईट असं नाही. कुठे काय वापरायचं हे कळलं पाहिजे.

22 सप्टेंबर 2025 चं उदाहरण

घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आलं. तूप, लोणी, फरसाण 12 वरून 5 वर आलं.

समजा, तुमच्या फाईलमध्ये दोन शीट आहेत, ‘रेट’ आणि ‘बिल’. बिलात वस्तूचं नाव टाकलं की व्हीलुकअपने टॅक्सचा दर ‘रेट’ शीटमधून येतो. म्हणजे बिलात दर नाही, दराचा गट नंबर आहे.

10 सप्टेंबरला तुम्ही केसांच्या तेलाच्या 40 बाटल्या विकल्या, टॅक्सआधी 100 रुपयाला एक.

- त्या दिवशीचा टॅक्स: 4,000 चे 18 टक्के = 720 रुपये. बिल 4,720.
- 22 तारखेला तुम्ही ‘रेट’ शीटमध्ये 18 चं 5 केलं.
- आता 10 तारखेचं बिल उघडा. टॅक्स 200, बिल 4,200!

पैसे तर 4,720 आलेत. सप्टेंबरचं रिटर्न ऑक्टोबरमध्ये भरताना याच शीटवरून बेरीज घेतली, तर सरकारला 520 रुपये कमी दाखवले जातील. हे एका बिलाचं झालं. 21 तारखेपर्यंतच्या सगळ्या बिलांचं गणित करून बघा. कमी भरलेला टॅक्स नंतर भरावा लागतोच, वर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याज. शीटने काही चुकीचं केलं नाही. तिला आजचा दर विचारलाय, तिने आजचा दिला.

मग नियम काय?

झालेला व्यवहार व्हॅल्यूने ठेवा. पुढे व्हायचा व्यवहार रेफरन्सने चालवा.

- विकलेल्या मालाचा दर, टॅक्स, बिलावरचा पत्ता: व्हॅल्यू.
- आजचा विक्रीदर, शिल्लक माल, गिऱ्हाइकाची एकूण उधारी: रेफरन्स. एका जागी बदललं की सगळीकडे दिसलं पाहिजे.

बिल फायनल झालं की ती ओळ निवडा, कॉपी करा, त्याच जागी राइट क्लिक करून पेस्ट स्पेशलमध्ये ‘व्हॅल्यूज’ घ्या. फॉर्म्युला जाईल, आकडा राहील. गट नंबरची झेरॉक्स झाली!

अर्धवट कॉपीपासून सावध

इथे बरेच जण फसतात. मुरगूडचं दुकान चाललंय, भावाने मुदाळ तिट्ट्याला दुसरं काढलं. तुम्ही ‘मूव्ह ऑर कॉपी’ने फक्त ‘बिल’ शीट नव्या फाईलमध्ये कॉपी करून त्याला दिली. दिसायला वेगळी फाईल, पण आतले फॉर्म्युले अजून तुमच्या जुन्या फाईलच्या ‘रेट’ शीटकडेच बोट दाखवतात. म्हणूनच ती उघडताना एक्सेल लिंक अपडेट करायच्या का असं विचारतं.

म्हणजे यादीची झेरॉक्स काढली, पण यादीत लिहिलेत नुसते गट नंबर. प्रोग्रामिंगमध्ये याला शॅलो कॉपी म्हणतात. ‘रेट’ आणि ‘बिल’ दोन्ही शीट एकत्र निवडून कॉपी केल्या, तर नवी फाईल स्वतःचेच दर वापरते. आतल्या सगळ्या उताऱ्यांसकट झेरॉक्स, ती डीप कॉपी.

पायथन शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवा: यादीला दुसरं नाव दिलं म्हणजे दुसरी यादी झाली नाही, एकाच यादीला दोन नावं झाली. ‘कॉपी’ने वरची यादी वेगळी होते, आतल्या याद्या सामायिकच राहतात. त्याही वेगळ्या हव्या असतील तर ‘डीपकॉपी’.

आजचा गृहपाठ

1. बिलाच्या फाईलची आधी एक पूर्ण कॉपी काढा.
2. त्या कॉपीत ‘रेट’ शीटमधला एक दर बदला.
3. मागच्या महिन्याचं बिल उघडा. आकडा हलला का?

हलला असेल तर मूळ फाईलमधली जुनी बिलं आधी कागदी बिलांशी ताडून बघा, आकडे जुळले की मगच व्हॅल्यूज करा. कारण चुकीचा आकडासुद्धा तितकाच पक्का बसतो!

पुढच्या भागात याच फाईलमधून उधारीची वही कशी बनवायची ते बघू.