राखीव प्रतीचे साधन निवडताना

दक्षिण कोरियातील देजॉन शहरी शासनाच्या राष्ट्रीय माहिती केंद्रास २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. लिथियम बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता उद्भवलेल्या या आगीत ९६ संगणकीय यंत्रणा भस्मसात झाल्या. ‘जी-ड्राइव्ह’ नावाचे सामायिक भांडार त्यांतच होते. शासकीय कर्मचाऱ्यांची दैनंदिन कामाची कागदपत्रे त्यात साठविलेली होती आणि या भांडाराची केंद्राबाहेर एकही प्रत नव्हती. ८५८ टेराबाइट इतका संग्रह गेला. आकार फार मोठा असल्यामुळे बाहेर प्रत ठेवणे जमले नाही, असा खुलासा नंतर करण्यात आला.

सर्व्हरवरील फायलींची राखीव प्रत, म्हणजेच व्यवहारातील ‘बॅकअप’, घेण्याची साधने आज अनेक आहेत व त्यांतील उत्तमांपैकी बरीच विनामूल्य आहेत. तथापि कार्यालयांत या विषयाची चर्चा सुरू होते ती बहुधा ‘प्रत कशी घ्यावी’ या प्रश्नापासून. प्रथम विचारावयाचा प्रश्न निराळा आहे: अनर्थ घडल्यास काय परत मिळाले पाहिजे, कोणत्या तारखेचे, आणि किती अवधीत? साधनाची निवड या उत्तरावर अवलंबून असते.

समजा, एखाद्या मामलेदार कचेरीत जुन्या नोंदवह्यांची पृष्ठे छायांकित करून सर्व्हरवर ठेविली आहेत. महिन्याच्या बारा तारखेस कोणाच्या हातून एका गावची शंभर पृष्ठे चुकून पुसली गेली आणि ती गोष्ट तीस तारखेस, एक शेतकरी उताऱ्यासाठी खिडकीशी उभा राहिला तेव्हा ध्यानी आली. दररोज रात्री मूळ संग्रहाची हुबेहूब नक्कल दुसऱ्या यंत्रावर उतरविली जात होती खरी. परंतु बारा तारखेच्या रात्री त्या नक्कलेतूनही ती पृष्ठे गेली. नक्कल निष्ठावान असते. मालकाची चूकही ती इमानाने उतरवून घेते. म्हणून जुन्या तारखांच्या अवस्था जपणारे साधन हवे.

या क्षेत्रातील वडीलधारे साधन म्हणजे ‘टार’. १९७९ च्या युनिक्स प्रणालीसमवेत ते आले आणि त्याच्या नावातच चुंबकीय फितीचा उल्लेख आहे. अनेक फायलींचे एक गाठोडे बांधणे एवढेच त्याचे काम. वर्षअखेरीस बंद झालेला दप्तरी संग्रह एकदाच बांधून ठेवावयाचा असेल तर आजही ते पुरेसे आहे. रोजच्या कामास मात्र नाही, कारण गाठोड्याच्या तळाची एक फाइल हवी असली तरी बहुधा सारे गाठोडे वाचावे लागते.

‘आरसिंक’ची गोष्ट वेगळी. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात सिद्ध केले. दोन्हीकडील फायलींची तुलना करून केवळ बदललेला भाग तारेवरून धाडावयाचा, ही त्यातील युक्ती मंद जोडणी असलेल्या तालुक्याच्या ठिकाणी आजही मोलाची वाटेल. त्याचा दुसरा गुण असा की, पलीकडे उतरतात त्या साध्या फायली. त्या उघडण्यास कोणत्याही विशेष साधनाची गरज पडत नाही. मात्र ‘डिलीट’ हा पर्याय जोडला की ते वर वर्णिलेली हुबेहूब नक्कल करू लागते. यावर ‘लिंक-डेस्ट’ हा पर्याय उतारा होय. त्यायोगे प्रत्येक दिवसाचे स्वतंत्र फोल्डर तयार होते, न बदललेल्या फायली आदल्या दिवसाच्या प्रतीशी दुव्याने जोडल्या जातात आणि जागा केवळ बदललेल्यांनाच लागते. उणीव इतकीच की चाळीस गीगाबाइटच्या फायलीत एक ओळ बदलली तरी चाळीस गीगाबाइटची नवी फाइल ठेवावी लागते. फायलींचे स्वामित्व व विस्तारित परवाने जपण्यासाठी योग्य पर्याय द्यावे लागतात, हेही पुष्कळदा विसरले जाते.

ही उणीव ‘बोर्ग’ व ‘रेस्टिक’ या साधनांनी भरून काढली. दोन्ही २०१५ च्या सुमारास पुढे आली; बोर्ग हे ‘अ‍ॅटिक’ नावाच्या आधीच्या साधनाची शाखा आहे. दोन्हींची रीत एकच: फाइलचे तिच्या आशयानुसार तुकडे पाडावयाचे व एकदा साठविलेला तुकडा पुन्हा साठवावयाचा नाही. साहजिकच साठ दिवसांच्या अवस्था ठेवूनही जागा फारशी वाढत नाही. छायांकित पृष्ठे क्वचितच बदलतात, म्हणून अशा संग्रहास ही रीत विशेष मानवते. साऱ्या प्रती कूटबद्ध ठेवण्याची सोयही दोहोंत आहे.

दोहोंपैकी कोणते? ज्या ठिकाणी प्रत ठेवावयाची तेथे आपले दुसरे सर्व्हर असेल व त्यावर बोर्ग बसविता येत असेल, तर बोर्ग काटकसरी व वेगवान ठरते. मात्र त्याच्या एका भांडारात एका वेळी एकच सर्व्हर लिहू शकतो. दहा सर्व्हर असल्यास दहा भांडारे असणे श्रेयस्कर. रेस्टिकला पलीकडे काहीच बसवावे लागत नाही. भाड्याच्या साठवणसेवेवर ते थेट लिहिते आणि अनेक सर्व्हर एकाच भांडारात एकाच वेळी लिहू शकतात. ज्या कार्यालयास स्वतःचे दुसरे ठिकाण नाही त्याने रेस्टिकचा विचार आधी करावा. जेथे संगणकाचा जाणकार वर्षातून दोनदा येतो, अशा लहान कचेरीस मात्र आरसिंकची दिनांकित फोल्डरेच बरी. नवखा लिपिकही त्यातील फाइल हाताने उचलून परत ठेवू शकतो.

कोणतेही साधन घेतले तरी चालू डेटाबेसच्या फायली तशाच उचलू नयेत. नक्कल होत असतानाच त्यांत लेखन चालू असते व हाती येणारी प्रत अर्धी आधीची, अर्धी नंतरची निघते. डेटाबेसचे स्वतःचे उतारा-साधन चालवून तो उतारा प्रथम फायलीत घ्यावा आणि मग त्या फायलीची प्रत ठेवावी.

प्रत ठेवण्याच्या जागेची किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्नही साधनाशी निगडित आहे. खंडणीखोर विषाणू सर्व्हरवर शिरला तर त्या सर्व्हरला जे जे पुसता येते ते ते तोही पुसू शकतो. यासाठी राखीव यंत्राने सर्व्हरकडून प्रत ओढून घ्यावी, अथवा सर्व्हरला केवळ भर घालण्याचा अधिकार असावा, पुसण्याचा नसावा. बोर्गमध्ये अशी केवळ-भर व्यवस्था आहे.

शेवटचा भाग परत आणण्याचा. गिटलॅब या संगणकीय सेवेत ३१ जानेवारी २०१७ रोजी एका अभियंत्याने दुय्यम यंत्र समजून मुख्य यंत्रावरील डेटाबेसच पुसला. सुमारे ३०० गीगाबाइटपैकी अवघे साडेचार उरले. प्रती घेण्याच्या व्यवस्था एक सोडून अनेक होत्या. परंतु रोजचा उतारा घेणारे साधन डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने निष्फळ ठरत होते आणि त्या अपयशाची सूचना देणारी ईपत्रे वाटेतच नाकारली जात होती. सहा तासांपूर्वी अन्य कामासाठी एकाने सहज घेतलेली प्रत हाती लागली म्हणून सेवा वाचली, तरी मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच.

यास्तव तिमाहीतून एकदा, निराळ्या यंत्रावर, राखीव प्रतीतून काही फायली उतरवून उघडून पाहाव्यात व त्यास किती वेळ लागला ते नोंदवावे. बोर्ग व रेस्टिक या दोहोंत ‘चेक’ ही आज्ञा आहे. ती भांडाराची तपासणी करते, पण उतरवून पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. कूटबद्ध भांडाराचा परवलीचा शब्द हरवल्यास ते कोणालाही उघडता येत नाही. तो शब्द त्याच सर्व्हरवरील फायलीत ठेवण्याची रूढी सोडून कागदावर लिहून, मोहोरबंद लिफाफ्यात, तिजोरीच्या नोंदवहीत चढवून ठेवावा आणि कार्यभार हस्तांतरित करताना त्या नोंदीवर दोन्ही अधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात.