कोंबडीच्या रक्ताचा एक थेंब

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली की एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. काही घरी मात्र ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच एकामागून एक मरतात. पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून बसते. मागच्या बाजूला पांढरी विष्ठा चिकटलेली असते. मग कोणी म्हणते दृष्ट लागली, कोणी म्हणते राखण चुकली. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण आपण विहारात ऐकतो. ती खुराड्यालाही लागू आहे.

अशा मरतुकीचे एक मोठे कारण म्हणजे साल्मोनेला पुलोरम हा जंतू. तो कोंबडीच्या अंडाशयात दडून राहतो. कोंबडी धडधाकट दिसते, अंडीही घालते; पण जंतू अंड्यातून पिल्लात उतरतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो बाकीच्यांना लागतो. राणीखेतची लस वेगळ्या रोगाची आहे, ती यावर चालत नाही.

तपासणी कशी होते?

टायफॉइडसाठी माणसाची विडाल तपासणी होते, तिच्याच तत्त्वावर ही चालते. पंखाखालच्या शिरेला सुई टोचून रक्ताचा एक थेंब घेतात. पांढऱ्या फरशीवर किंवा काचेवर तो जांभळ्या रंगाच्या औषधाच्या थेंबात मिसळतात. त्या औषधात मारलेले, रंगवलेले जंतू असतात. कोंबडीला संसर्ग झालेला असेल, तर तिच्या रक्तातील प्रतिपिंडे त्या जंतूंना एकत्र बांधतात आणि साधारण दोन मिनिटांत जांभळ्या गुठळ्या दिसतात. मिश्रण एकसारखे राहिले, तर तपासणी नकारात्मक.

काय ध्यानात ठेवावे?

१. चार महिन्यांवरील कोंबड्याच तपासाव्यात. लहान पिल्लांत ही तपासणी भरवशाची नाही. कोंबडाही तपासावा.

२. नुकता संसर्ग झाला असेल तर गुठळ्या दिसत नाहीत. म्हणून तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

३. गुठळ्या दिसल्या, तर त्या कोंबडीची अंडी उबवू नयेत आणि तिला कळपातून वेगळे करावे. औषधाने मरतूक कमी होते, पण जंतू कोंबडीत राहू शकतो. ती शेजाऱ्याला किंवा गटातल्या बहिणीला पाळायला देऊ नये. तिचे नुकसान ते आपलेच.

४. पिल्ले विकत घेताना, आई-कोंबड्यांची पुलोरम तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारावे.

५. मेलेले पिल्लू पऱ्यात टाकू नये. चुना घालून खोल पुरावे. ताजे मेलेले असेल तर आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. तेथून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो.

माणसांना धोका?

पुलोरम माणसाला क्वचितच त्रास देतो आणि माणसाचा टायफॉइड कोंबडीपासून येत नाही. तो रुग्णाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्या-अन्नातून येतो. पण कोंबडीत साल्मोनेलाचे दुसरेही प्रकार असतात. त्यांनी माणसाला जुलाब, उलट्या, ताप येतो आणि ते सगळे या तपासणीत सापडत नाहीत. म्हणून तपासणी नकारात्मक आली तरी अंडे बलक घट्ट होईपर्यंत उकडावे, मटण-कोंबडी पूर्ण शिजवावी आणि खुराडे साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत.

बचत गटाने कर्ज काढून कोंबड्या घेतल्या असतील, तर अंडी उबवण्याआधी सर्वांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासणीची मागणी करावी. हप्ते पिल्ले मेली म्हणून थांबत नाहीत.