पंधराशे रुपयांत पुराची बॅग

कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी. सांगलीला आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. तुमचं घर चिखली-आंबेवाडीत, सुतारवाड्यात, सूर्यवंशी प्लॉटात किंवा शिरोळच्या काठावरच्या गावात असेल, तर हे आकडे तुम्हाला पाठच असतील. पहिला आकडा लागेल तेव्हा बॅग दाराशी तयार हवी. धोका पातळीनंतर सामान शोधायला बसलात, तर एकेक रस्ता बंद होत जातो. 2019 आणि 2021 मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गसुद्धा पाण्याखाली गेला होता. म्हणून खरेदी मे महिन्यात करा आणि मिरगाच्या आधी बॅग बांधून टाका.

ऑनलाइन तयार ‘इमर्जन्सी किट’ मिळतात, तीन ते पाच हजारांना. घेऊ नका. त्यात होकायंत्र असतं, काडेपेटीशिवाय आग पेटवायची कांडी असते, पाच कामांचा चाकू असतो. जंगलात वाट चुकलेल्या माणसाला त्याचा उपयोग. तुम्हाला जायचंय गावच्या शाळेतल्या निवारा केंद्रात, नाहीतर उंचावरच्या पाहुण्यांकडे. तिथे लागतात कागद, औषधं, कोरडे कपडे आणि सुटे पैसे.

बॅग शक्यतो विकत घेऊ नका. पोराची जुनी कॉलेजची सॅक चालते, 25 ते 30 लिटरची. तिच्यात आठ किलो तांदूळ भरा आणि दोनदा जिना चढून-उतरून बघा. पट्ट्याची शिवण उसवायला लागली तर आत्ताच कळेल. चेन खराब असेल तर दुरुस्तीवाला पन्नास ते शंभरात बदलून देतो. नवीच घ्यायची असेल तर पाचशे-सातशेची साधी सॅक पुरे. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. कापडातून पाणी जात नसलं तरी चेनमधून आणि शिवणीतून जातंच. वरून घालायचं रेनकव्हर पाठीकडून उघडं असतं, त्यामुळे बॅग पाण्यात पडली की ते निरुपयोगी. त्यापेक्षा शंभर रुपयांत जाड कचरापिशव्यांचं पाकीट आणा. एकात एक दोन पिशव्या सॅकच्या आत घाला, सामान भरा, तोंड पिळून दुमडा आणि रबर लावा. चाकांची ट्रॉली बॅग मुळीच नको. चिखलात चाकं फिरत नाहीत आणि बोटीत ती कुणालाच नको असते.

कागदपत्रांवर वेळ घालवा, कारण पूर ओसरल्यावर सगळं त्यांच्यावरच अडतं. तलाठी पंचनामा करतात आणि सानुग्रह मदत बँक खात्यात जमा होते. म्हणून पासबुकाचं पहिलं पान, आधार, रेशनकार्ड आणि वीजबिल यांच्या दोन-दोन प्रती हव्यात. झेरॉक्स एरवी दोन-तीन रुपयांना पान. शाळा-कॉलेजांच्या प्रवेशाच्या दिवसांत तीच पाचला होते, तेव्हा लवकर काढा. खात्याला आधार जोडलेलं आहे का, हेही बँकेत एकदा विचारून घ्या.

मूळ प्रत कशाची न्यायची? जी परत मिळवायला महिने लागतात तिची. खरेदीखत, गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि जात पडताळणी प्रमाणपत्र, अपंगत्वाचा दाखला, विमा पॉलिसी. सातबाऱ्यासाठी बॅगेत जागा अडवू नका; डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत पुन्हा निघतो. डिजीलॉकर मोफत आहे आणि त्यात ‘इश्यूड’ म्हणून आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीसारखीच धरली जातात, पण मोबाइल बंद पडला की ती हाताशी नाहीत. दुकानदार ‘सगळं लॅमिनेट करून टाका’ म्हणेल, एका कागदाला तीस-चाळीस रुपये लावेल. नको म्हणा. खरेदीखताला आणि शिक्क्याच्या दाखल्याला लॅमिनेशन केलं, की पुढे काही कार्यालयं ते घेताना कुरकुरतात. दहा-पंधरा रुपयांच्या झिपच्या पाकिटात कागद घाला, हवा दाबून काढा आणि ते पाकीट दुसऱ्या पाकिटात ठेवा.

पावसाळ्याआधी घरातल्या प्रत्येक खोलीचे फोटो काढा. फ्रिज, शिलाई मशीन, पाण्याची मोटर, सगळं तारखेसकट. गाडीचाही काढा. आणि गाडी पाण्यात बुडाली तर ओसरल्यावर चावी फिरवू नका. इंजिन बिघडलं तर विमा कंपनी दावा नाकारायला तेच कारण पुढे करते. जनावरं असतील तर त्यांच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर वहीत लिहून ठेवा.

औषधांत रोजच्या गोळ्या आधी: बीपी, शुगर, थायरॉईड, दम्याचा पंप. सात दिवस पुरतील एवढ्या, आणि चिठ्ठीची झेरॉक्स. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव लिहून घेतलंत तर जनऔषधी केंद्रात निम्म्याहून कमी पैशांत काम होतं. इन्शुलिन लहान थर्मासमध्ये न्या, बर्फ त्याला थेट टेकू देऊ नका. तयार प्रथमोपचार पेटी चार-पाचशेला मिळते. आतला माल सुटा घेतला तर दीडशे-दोनशेचा. कापूस, गॉज, चिकटपट्टी, पोविडोन आयोडीन, पॅरासिटामॉल, एवढं पुरे. ओआरएसची सहा पाकिटं घ्या, सव्वाशे-दीडशे होतील. पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ’ सूत्राचा उल्लेख बघूनच घ्या. त्याच्या शेजारी ठेवलेली फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक दुप्पट भावाची असतात आणि जुलाबात साखरेने उलट त्रास वाढू शकतो. पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आशाताईंकडे किंवा आरोग्य उपकेंद्रात मिळतं, पैसे न देता. पायाला जखम असेल तर झाकल्याशिवाय पुराच्या पाण्यात उतरू नका. लेप्टोची गोळी आरोग्य पथक देईल तेव्हाच घ्या. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने नको.

खाण्याचं अडीचशे-तीनशेत भागतं: गूळ-शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याच्या वड्या, बिस्किटं, थोडे खजूर. आमच्याकडे भडंगाशिवाय प्रवासाची पिशवी भरतच नाही, पण इथे ते मागे ठेवा. तिखट-मीठ खाऊन तहान लागते आणि प्यायचं पाणी मोजकंच असतं. माणशी एक लिटरची बाटली धरा. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यापेक्षा जास्त पाणी पाठीवर झेपत नाही.

बॅटरी दीडशे ते अडीचशेत मिळते. सेलवाली घ्या आणि सेल बाहेर काढून वेगळ्या पुडीत ठेवा, नाहीतर ते आतच गळतात. चार्जिंगची बॅटरी महिनाभर पडून राहिली, की ऐनवेळी मिणमिणते. पॉवर बँक घ्यायची असेल तर नऊशे ते बाराशे वेगळे धरा. खोक्यावर दहा हजार एमएएच लिहिलेलं असलं तरी मोबाइलला मिळतात सहा-साडेसहा हजारच, म्हणजे साधारण सव्वा ते दीड चार्ज. मागे बीआयएसचा नोंदणी क्रमांक नसेल तर स्वस्तातली उचलू नका.

उरलेलं झटपट: शिटी वीस-तीस रुपये, दहा मीटर नायलॉन दोरी साठ-ऐंशी, साबण आणि सॅनिटरी पॅड शंभर, प्लास्टिकचा कागद दोनशेपर्यंत, वजनावर विकतात, मेमध्ये घ्या, जुलैत भाव चढतो. माणशी एक जोडी कपडे, टॉवेल आणि चादर घरचीच. सॅक घरातली असेल तर चौघांच्या कुटुंबाचा हा सगळा खर्च बाराशे ते पंधराशेत बसतो, पॉवर बँक सोडून. शिवाय दोन हजार रुपये रोख ठेवा, दहा-वीस-पन्नास-शंभरच्या नोटांत. वीज आणि टॉवर गेले की एटीएमही बंद आणि यूपीआयही. दागिने बॅगेत टाकू नका, अंगावरच्या कमरपिशवीत असू द्या.

वजन माणशी आठ किलोच्या वर नेऊ नका. ऑगस्ट 2019 मध्ये ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढलेली बोट उलटली आणि जीव गेले. बोटीत आधी माणसं, मग जागा उरली तर सामान. बसताना पाठीवरची बॅग काढून मांडीवर घ्या आणि छातीवरचा पट्टा लावू नका. लाइफ जॅकेट मिळालं तर आधी ते घाला.

चिपळूणकरांचं गणित वेगळं. पंचगंगा आणि कृष्णा चढायला दिवस घेतात, वाशिष्ठी तासांत येते. 22 जुलै 2021 ला बऱ्याच जणांना घराबाहेर पडायला वेळच मिळाला नाही, वरच्या मजल्यावर किंवा छपरावर अडकून राहावं लागलं. तुमची बॅग दाराशी नको, माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. तिथे पाठीवरच्या वजनाचा प्रश्न नाही, म्हणून पाणी दुप्पट ठेवा. शिटी आणि एखादं भडक रंगाचं कापडही.

अनंत चतुर्दशी झाली की बॅग उघडा. खाऊ संपवून टाका, गोळ्यांच्या तारखा बघा, चादर उन्हात टाका. कागदांचं पाकीट मात्र तसंच राहू द्या.

आणि एका कागदावर हे नंबर लिहून बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, पोलीस आणि आपत्कालीन मदत 112, रुग्णवाहिका 108. प्रशासनाच्या बचाव बोटीला, निवारा केंद्राला आणि पंचनाम्याला एक रुपयाही लागत नाही. कुणी मागितलाच तर देऊ नका, नाव विचारून घ्या आणि 1077 ला कळवा.