उंच राहिलेली दाढ

आमच्या घरात दाताच्या डॉक्टरांची पायरी चढलेली आई पहिलीच. दाढ भरून आली आणि भाकरी एकाच बाजूने चावू लागली. कानापुढे दुखू लागले. आणखी एक मजुरी बुडेल म्हणून परत जाईना. ग्रंथालयात वाचले : भरण केसभर उंच राहिले तरी तोंड मिटताना तीच दाढ आधी टेकते. ती चुकविण्यासाठी स्नायू जबडा बाजूला ओढतात, थकतात. सांध्यावर ताण येऊ शकतो. भूल असताना हे कळत नाही. सांध्याच्या प्रत्येक दुखण्याचे कारण मात्र दात नसतो. मी आईला घेऊन गेलो. डॉक्टरांनी निळा कागद चावायला देऊन उमटलेला ठिपका घासला. काम दोन मिनिटांचे! मित्रहो, भरलेली दाढ उंच वाटली तर सांगायला संकोचू नका.