अण्वस्त्रप्रसारबंदी : एका कराराची दोन वचने

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी ही दोन शहरे प्रत्येकी एकाच बॉम्बने उद्ध्वस्त झाली. १९६४ पर्यंत अमेरिका, सोव्हिएत रशिया, ब्रिटन, फ्रान्स व चीन या पाच राष्ट्रांनी हे अस्त्र मिळवले होते. ही संख्या वाढतच जाईल या भीतीतून अण्वस्त्रप्रसारबंदी करार जन्मास आला. १ जुलै १९६८ रोजी तो स्वाक्षरीसाठी खुला झाला आणि ५ मार्च १९७० रोजी अमलात आला.

या कराराच्या मुळाशी दोन वचने आहेत. ज्यांच्याजवळ अण्वस्त्रे नाहीत त्यांनी ती मिळवू नयेत, हे पहिले. ज्यांच्याजवळ आहेत त्यांनी निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी सद्भावनेने कराव्यात, हे सहाव्या कलमातील दुसरे.

पहिल्या वचनावर पहारा आहे. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक अणुकेंद्रांतील युरेनियमचा हिशेब तपासतात, साठ्यांना मोहोर लावतात, कॅमेरे बसवतात. दुसऱ्या वचनावर असा पहारेकरी कोणीच नाही.

शिवाय १ जानेवारी १९६७ पूर्वी अणुस्फोट केलेली राष्ट्रेच करारानुसार अण्वस्त्रधारी मानली गेली. म्हणजे राष्ट्राचा दर्जा त्याच्या वर्तनावरून नव्हे, एका तारखेवरून ठरला. भारताने याच विषमतेवर बोट ठेवून स्वाक्षरी नाकारली. हा आक्षेप न्याय्यच होता. पुढे १९७४ मध्ये पोखरण येथे अणुस्फोट झाला आणि ११ मे १९९८ रोजी, नेमक्या बुद्धपौर्णिमेला, तेथेच पुन्हा चाचण्या झाल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही चाचण्या केल्या.

विषमता मिटवण्याचे दोन मार्ग असतात : काहींजवळ आहे ते सर्वांनी मिळवणे, किंवा ते सर्वांनीच टाकून देणे. अन्न, पाणी, विद्या यांबाबत पहिला मार्ग योग्य आहे. अण्वस्त्रांबाबत तो विनाशाचा आहे.

दुसरा मार्ग अशक्य नाही, हे दक्षिण आफ्रिकेने दाखवले. तेथील वर्णद्वेषी राजवटीने सहा अणुबॉम्ब तयार केले होते. ते सुटे करून नष्ट केल्यावर १९९१ मध्ये तो देश करारात सामील झाला आणि मार्च १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी संसदेत ही गोष्ट उघड केली. कृष्णवर्णीय बहुसंख्याकांच्या हाती सत्ता जाण्यापूर्वी उचललेल्या या पावलामागील हेतूंविषयी मतभेद असू शकतात. परंतु निरीक्षकांनी उत्पादनाच्या नोंदी व युरेनियमचा साठा ताडून पाहिला, हे महत्त्वाचे. अर्थात दुसऱ्या वचनाचीही पडताळणी होऊ शकते.

२०१७ मध्ये अण्वस्त्रांवर संपूर्ण बंदी घालणारा नवा करार संयुक्त राष्ट्रांत संमत झाला व २२ जानेवारी २०२१ रोजी अमलात आला. एकाही अण्वस्त्रधारी राष्ट्राने, आपल्या देशानेही, त्यावर स्वाक्षरी केलेली नाही. जो नियम दुर्बळांवर पहारा बसवतो आणि बलवानांच्या केवळ शब्दावर विसंबतो, तो टिकाऊ शांतता देऊ शकत नाही. समतेचा आग्रह धरणाऱ्यांनी म्हणूनच ‘आम्हालाही अस्त्र हवे’ एवढ्यावर न थांबता ‘कोणाजवळच ते नको’ असे म्हटले पाहिजे आणि ही मागणी प्रथम आपल्या घरापासून सुरू केली पाहिजे.