मुरूड ते रेवदंडा : प्रथमच येणाऱ्या आप्तांसाठी

इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद अशा शहरी स्थायिक झालेल्या बेने इस्रायल कुटुंबांतील ज्या वडीलधाऱ्यांनी पुढे वारंवार रायगडच्या किनाऱ्याची वाट धरली, त्यांच्या सूचना एकत्र करून हे टिपण सिद्ध केले आहे. आणि ज्यांच्या आडनावात किहीम, पेण, रोहे ही गावे अद्याप नांदत आहेत, परंतु ज्यांनी ती पाहिलेली नाहीत, अशा तिकडे जन्मलेल्या तरुणांसाठी ते मुख्यतः आहे.

एका गोष्टीविषयी सर्वांचे एकमत आढळले. ज्या दिवशी फणसाडचे रान आणि जंजिरा किल्ला पाहावयाचा, त्याच दिवशी नवगावचा बेत करू नये. बुडालेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी जेथे किनाऱ्याला लागली असे परंपरा सांगते, ते नवगाव अलिबागच्या उत्तरेस आणि जंजिरा या वाटेच्या अगदी दक्षिण टोकास. शिवाय गाडीवानाच्या घड्याळाकडे पाहत पूर्वजांच्या दफनभूमीत उभे राहणे कोणालाही शोभणार नाही. त्या गावासाठी स्वतंत्र सकाळ राखावी.

आदल्या रात्री काशीद किंवा मुरूड येथे मुक्काम करून उजाडता उजाडता फणसाड अभयारण्याच्या सुपेगाव चौकीवर हजर व्हावे. जंजिरा संस्थानच्या नवाबांचे हे राखीव शिकारीचे रान 1986 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. बिबट्या दिसेल या आशेने जाणारे बहुधा हिरमुसले होऊन परततात. परंतु गावातीलच एखादा माहीतगार वाटाड्या सोबत घेऊन, भडक वस्त्रे टाळून, पाणवठ्याजवळ, ज्याला येथील लोक ‘गाण’ म्हणतात, अर्धा तास निःशब्द बसण्याची ज्याची तयारी असेल, त्याला शेकरू ही मोठी खार बहुधा दर्शन देते. आधी माथ्यावरून एक कर्कश खडखडाट ऐकू येतो, मग पाने हलतात आणि तांबूस पाठीचा, फिकट पोटाचा, अंगाहून लांब झुपकेदार शेपटीचा तो जीव जमिनीला न शिवता एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेतो. गारंबीच्या वेलीच्या हातभर लांब शेंगा मुलांना अवश्य दाखवाव्यात, मात्र खिशात भरू देऊ नयेत. अभयारण्यातील वाळलेले पानही तेथेच राहू द्यावे.

उन्हे चढण्यापूर्वी राजपुरीस पोहोचावे. येथे मालक समुद्र आहे : भरती-ओहोटीची वेळ आदल्या दिवशीच विचारून घ्यावी, पावसाळ्यात किल्ला बंद असतो हे तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानी घ्यावे, आणि शिडाच्या होडीतून दरवाजाशी उतरताना नावाड्याने सांगितल्यावाचून उठू नये, कारण होडी लाटेवर वरखाली होत असते. अगदी समीप जाईपर्यंत दरवाजा नजरेस पडत नाही. त्या रचनेतच येथील सिद्दी नवाबांच्या अंमलाच्या दीर्घायुष्याचे एक कारण दडलेले आहे. प्रवेशद्वारावरील, पंजांत हत्ती पकडलेले श्वापदाचे शिल्प आणि खाऱ्या पाण्याच्या मध्यभागी असलेले गोड्या पाण्याचे तलाव, एवढे तरी सावकाश पाहावे. ‘ओसीआय’ कार्ड ज्यांच्यापाशी असेल त्यांनी तो दस्तऐवज मूळ स्वरूपात जवळ बाळगावा. प्रवेशशुल्काच्या बाबतीत त्यांना भारतीय नागरिकांचीच सवलत असते.

जेवणाची वर्दी खाणावळीस सकाळीच द्यावी. कोळंबी, शिंपल्या वर्ज्य मानणाऱ्यांनी खवल्यांची मासळी हवी असे स्पष्ट सांगावे, आणि तव्याविषयी मन साशंक असेल तर भात, डाळ व सोलकढी यांवर समाधान मानावे. कढीत नारळाचाच रस असल्यामुळे दुधाचा प्रश्न उद्भवत नाही.

परतीच्या वाटेवर कोर्लई लागते. 1740 मध्ये पोर्तुगीज सत्ता येथून गेली, परंतु पोर्तुगीजपासून घडलेली बोली सुमारे हजार माणसे आजही घरात बोलतात. किल्ला चढण्याची ताकद उरली नसेल तरी गावातून पायी एक फेरी मारावी, मात्र परवानगी न घेता कोणाचे छायाचित्र टिपू नये. त्यानंतर कुंडलिकेच्या खाडीवरील साळावचा पूल ओलांडला की रेवदंडा, आणि तेथील 1842 चे बेथ एल सिनेगॉग. ते उघडून मिळावे यासाठी आधी निरोप पाठविणे आवश्यक आहे.

हा सारा क्रम सूर्यास्तापर्यंत पुरतो, म्हणून या प्रवासासाठी शुक्रवार निवडू नये. सब्बाथ पाळणाऱ्या घरांना त्या दिवशी मुक्कामी पोहोचण्याची घाई होते, आणि तिचा फटका हटकून रेवदंड्याला बसतो.