दूरची टपालपेटी

पुण्याहून धाडलेले ई-मेल दिल्लीतील मित्राच्या मोबाइलमध्ये थेट जाऊन पडते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मोबाइल कधी बंद असतो, तर कधी संपर्काबाहेर असतो. म्हणून पत्र अहोरात्र जागा असणाऱ्या एका संगणकाकडे पोचविले जाते. या संगणकाला सर्व्हर म्हणतात. पत्रांची पेटी तेथे असते; हातातील मोबाइल हा त्या पेटीकडे जाऊन येणारा निरोप्या होय.

१९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविले. दोन्ही संगणक शेजारी शेजारीच होते. पत्र मात्र ‘अर्पानेट’ नावाच्या जाळ्यातून गेले. पत्त्यातील माणसाचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये येणारे ‘ॲट’ हे चिन्ह त्यानेच योजिले.

पुढे लहान संगणकांचा प्रसार झाला आणि दुरून पेटी उघडण्याचे नियम ठरविणे अगत्याचे झाले. १९८४ साली ‘पॉप’ ही नियमावली आली. तिच्यानुसार पत्रे आपल्या संगणकावर उतरवून घ्यावयाची व सर्व्हरवरील प्रत बहुधा काढून टाकावयाची. परंतु त्यामुळे सकाळी कचेरीत उतरविलेले पत्र सायंकाळी घरच्या संगणकावर मिळत नसे. ही अडचण दूर करणारी ‘आयमॅप’ ही पद्धत मार्क क्रिस्पिन याने १९८६ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सिद्ध केली. तीत पत्रे मूळ पेटीतच राहतात, आणि ‘वाचले’ ही खूणही तेथेच केली जाते. म्हणून मोबाइलवर वाचलेले पत्र घरच्या संगणकावरही वाचलेलेच दिसते.

ही पेटी उघडते तरी कशी? प्रथम उपकरण सर्व्हरला हाक देते. सर्व्हर आपली ओळख पटवितो. मग वाटेत कोणी संभाषण वाचू नये म्हणून दोघे एक गुप्त लिपी ठरवितात. त्यानंतर उपकरण धन्याचे नाव व परवलीचा शब्द सांगते. तो जुळला, की सर्व्हर पत्रांची यादी देतो आणि मागितले तेवढेच पत्र हाती ठेवतो.

येथेच खरी जोखीम आहे. गावचा पोस्टमन माणसे चेहऱ्याने ओळखतो. सर्व्हरला चेहरा ठाऊक नसतो. जो परवलीचा शब्द सांगेल, तोच त्याच्या लेखी पेटीचा धनी! शिवाय इतर खात्यांचे परवलीचे शब्द बदलण्याची पत्रेही बहुधा याच पेटीत येतात. एक किल्ली हरवली, तर अनेक घरांची दारे उघडतात. म्हणूनच अनेक ठिकाणी परवलीच्या शब्दाबरोबर ओळखीचा दुसरा पुरावाही मागतात. यंत्र आपले नियम चोख पाळते. किल्ली सांभाळण्याचे काम मात्र माणसाचेच आहे.

स्वाध्याय

१. ‘पॉप’ व ‘आयमॅप’ या पद्धतींतील भेद सांगा.
२. पेटी उघडताना उपकरण व सर्व्हर यांच्यात होणारे संभाषण आपल्या शब्दांत लिहा.
३. ‘एक किल्ली हरवली, तर अनेक घरांची दारे उघडतात,’ असे का म्हटले आहे?
४. वाक्यांत उपयोग करा : अहोरात्र, अगत्याचे, जोखीम, ओळख पटविणे.